लवळ्याच्या डोंगरावर रोपवे? (सहलीचा नाही, पास काढून रोज जायचा)

पौडरोडवाला

रोपवे म्हटलं की आपल्याला एक तर रायगड आठवतो, नाहीतर सिंहगडाचा 'होणार होणार' म्हणून गाजत असलेला. दोन्ही पर्यटकांसाठी. हा धागा त्याबद्दल नाही. कॉलेजला किंवा नोकरीला रोज जाणाऱ्या माणसानं पास काढून रोपवेनं जावं, असं पुण्यात कुठं जमेल का, एवढंच विचारायचंय.

वनाझ ते चांदणी चौक मेट्रोला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली (रामवाडी-वाघोली धरून १२.७५ किमी, ३,६२६ कोटी). म्हणजे आज ना उद्या मेट्रो चांदणी चौकात येऊन थांबणार. तिथून पुढं भूगाव, पिरंगुटचा घाट, लवळे फाटा आणि मग डोंगरावरचं विद्यापीठ. संध्याकाळी भूगावात जो अडकलाय त्याला जास्त सांगायला नको.

अशीच भानगड कॅनडात व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीत आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठ १९६५ साली तिथल्या डोंगरमाथ्यावर सुरू झालं. पायथ्याशी स्कायट्रेनचं (म्हणजे तिथल्या मेट्रोचं) 'प्रॉडक्शन वे–युनिव्हर्सिटी' स्टेशन. तिथून १४५ नंबरची बस वळणं घेत साधारण पाव तासात वर पोचते. तिथल्या ट्रान्सलिंक या वाहतूक संस्थेनं आता रोपवे आखलाय. स्टेशनच्या दारातून थेट वर, सरळ रेषेत २.७ किमी, सहा-सात मिनिटांत, एका केबिनमध्ये तीसच्या वर माणसं. तिकीट बस-ट्रेनचंच.

नकाशावर पट्टी ठेवली तर चांदणी चौक ते लवळ्याचा कॅम्पस सरळ रेषेत सहा-सात किमी भरतं. रस्त्यानं याच्या दुपटीच्या आसपास. रोपवे ताशी वीसेक किमीनं चालतो, म्हणजे वीस मिनिटांचा प्रवास. मध्ये सिग्नल नाही, घाट नाही, लग्नाची वरात नाही. रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंची घरं-दुकानं जाणार. इथं खांबांपुरती जागा लागते.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'पुण्यात काही होणार नाही' हे मला माहीत आहे, ते कृपया लिहू नये.

---

जुना_पेठकर

पुण्यात काही होणार नाही.

(हलकं घ्या.) विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आपण आधी बांधले आणि २०२० मध्ये पाडले. चांदणी चौकातला २०२२ मध्ये रात्रीतून उडवला, तो बघायला लोक डबे घेऊन आले होते. आता हवेत तार टाकली तर निदान पाडायला स्फोटकं लागणार नाहीत, एवढा फायदा दिसतो.

---

बर्नबीकर

मूळची कोथरूडची, आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहते, म्हणून लिहिते.

पौडरोडवाला, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, पण वाचून सगळं ठरलंच आहे असं वाटतं. तसं नाहीये. कल्पना जुनी आहे. २०११ मध्ये ट्रान्सलिंकनं हिशोब मांडला, खर्चाच्या मानानं फायदा कमी निघाला आणि प्रकरण बासनात गेलं. नंतर पुन्हा वर काढलं, २०२० च्या सुमारास तीन मार्ग लोकांपुढं ठेवले. पहिला सरळ, प्रॉडक्शन वे पासून. दुसरा तिथूनच निघून वळसा घेणारा. तिसरा पलीकडच्या लेक सिटी वे स्टेशनपासून. रोपवेला मधेच वळायचं तर तिथं आख्खं एक स्टेशन उभं करावं लागतं, त्यामुळे दुसरा-तिसरा लांब आणि महाग. सरळ मार्ग निवडला गेला. पण सरळ मार्ग फॉरेस्ट ग्रोव्ह नावाच्या वस्तीवरून जातो. तिथल्या लोकांचं म्हणणं, आमच्या घरांवरून दिवसभर केबिनी का? खिडकीतून कोण काय बघेल? झाडं किती जाणार? या बाजूनं विद्यार्थी संघटना आणि वर राहणारे, त्या बाजूनं खालचे. २०२२ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात रोपवे आला, पण अजून तार काही लागलेली नाही.

तरी मी रोपवेच्या बाजूनं का? बर्फासाठी. इथं पाऊसच जास्त, बर्फ थोडेच दिवस पडतो, पण पडला की चढावर जोडबसेस आडव्या होतात. मग खालच्या स्टेशनात रांग बाहेर फुटपाथवर येते, सगळ्यांच्या टोप्यांवर भुरभुर साचलेली, मोबाइलवर विद्यापीठानं सुट्टी जाहीर केली का ते बघत उभे. एरवीही सकाळी दोन-दोन बस भरून समोरून निघून जातात.

आणखी एक, हे इथं फारसं कुणी मोठ्यानं बोलत नाही. डोंगराच्या उतारावर तेलाच्या टाक्यांचा मोठा डेपो आहे, ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा. वर जायचे रस्ते मोजून दोन आणि ते वर जाऊन एकत्र येतात. उद्या आग लागली तर माणसं उतरवायची कुठून? तिसरी वाट हवी असं म्हणणारे त्यासाठीही आहेत.

---

हिशोबनीस

धागाकर्त्यांनी माणसांचा आकडा दिलाच नाही, आणि सगळा खेळ तिथं आहे.

साधा एकतारी रोपवे घ्या. दहा माणसांची केबिन, दर बारा सेकंदाला एक. तासाला ३०० केबिनी, ३,००० माणसं एका दिशेनं. ३५ जणांची मोठी केबिन घेतली तर ४२ सेकंदाला एक सोडून तेवढीच होतात. आपल्या बसमध्ये दाटीवाटीनं ६० धरले तर ३,००० माणसांना तासाला ५० बस, म्हणजे ७२ सेकंदाला एक. घाटात हे शक्य नाही, त्यामुळे रोपवे तिथं जिंकतो. कबूल.

पण तासाला ३,००० माणसं *आहेत* का? तासाला ३०० असतील तर पाच-सहा बस पुरतात, आणि पाच-सहा बस घ्यायला दिल्लीला जावं लागत नाही.

दुसरं, पहिल्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत पोर्टलंडला नदीकाठावरून टेकडीवरच्या वैद्यकीय विद्यापीठाला जोडणारा रोपवे आहे, जेमतेम एक किमी. सुरुवातीचा अंदाज दीड कोटी डॉलर. २००७ च्या सुरुवातीला लोकांसाठी खुला झाला तोवर ५.७ कोटी झाले होते. आता तो उत्तम चालतो, पण मधल्या काळात तिथल्या महापालिकेत काय भांडणं झाली असतील, कल्पना करा.

---

तारेवरची_कसरत

रोपवेच्या देखभालीत बरीच वर्षं काढली (कुठं ते विचारू नका), म्हणून थोडं यंत्राबद्दल.

लोक 'रोपवे' म्हणून सगळं एकात टाकतात. रायगडचा पाळणा म्हणजे एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. अंतर वाढलं की फेऱ्या आपोआप कमी होतात. शहराला तो चालत नाही. शहराला लागतो सुटा-पकडीचा. तार अखंड फिरत राहते, केबिन स्टेशनात आली की पकड उघडते, केबिन तारेवरून सुटून रुळावर येते आणि मुंगीच्या पावलानं सरकते, म्हणजे आजीबाई, सायकल, व्हीलचेअर सगळं चढतं. बाहेर पडताना तिला पुन्हा तारेच्या वेगाला आणून पकड बंद होते. ही पकड हा रोपवेचा जीव. ठरलेल्या तासांनंतर प्रत्येक पकड उतरवून, उघडून तपासायची असते.

बर्नबीवाल्यांनी निवडलाय तो तीन तारांचा. दोन जाड तारा स्थिर, त्यांवरून केबिनची चाकं धावतात, तिसरी ओढते. महाग, पण वाऱ्याला दाद देत नाही. एकतारीला ताशी ६०-७० किमीच्या वाऱ्यात हात टेकावे लागतात, तीन तारांचा शंभरीपर्यंत टिकतो. खांबही खूप कमी. कॅनडातच व्हिसलरला दोन शिखरांच्या मधला आहे, त्यात दोन खांबांत तीन किमीहून जास्त अंतर आहे!

आता पुणे. इथं बर्फ नाही, पण एप्रिल-मेमधला वळीव आहे. चार वाजता आभाळ भरतं, वावटळ येते, विजा सुरू होतात. वीज जवळ आली की रोपवे थांबवायचाच असतो, यात घासाघीस नाही. आणि हे नेमकं घरी जायच्या वेळेला. शिवाय तार ताणून लांबते, ती कापून पुन्हा विणून जोडावी लागते, वर्षातून काही दिवस पूर्ण बंद. म्हणजे पर्यायी बस ठेवावीच लागणार. रोपवे आला म्हणून बस काढली, की पहिल्याच बंदला बोंब.

झारखंडातल्या देवघरच्या अपघाताचं सांगतो, कारण कुणीतरी काढणारच. एप्रिल २०२२, त्रिकूट पर्वत, लोक रात्रभर हवेत लटकलेले, वायुसेनेची हेलिकॉप्टरं आली, तिघांचा जीव गेला. विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: मुख्य मोटर बसली तर दुसऱ्या इंजिनवर सगळ्या केबिनी स्टेशनात आणता येतात का? दोर सोडून माणसं उतरवणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही खाली दरी असेल तर अवघड.

---

शेजारीण_काकू

बावधनच्या सोसायट्यांवरून जाणार म्हणजे आमच्या गच्चीवरून. वाळत घातलेल्या कुरडया आणि त्या शेजारी बसलेले आमचे हे, दोन्हींचं दर्शन दर बारा सेकंदांनी. नको गं बाई.

गंमत सोडा, सिंगापूरला बुकित पांजांगच्या छोट्या ट्रेनला इमारतीजवळ आली की आपोआप धुरकट होणाऱ्या काचा आहेत, स्वतः बघितल्यात. सोय असते. कंत्राटात मागावी लागते एवढंच.

---

लवळे_ते_डेक्कन

त्याच डोंगरावर शिकतेय, म्हणून बोलते. हिशोबनीसकाकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे, पण धागाकर्त्यांना आवडणार नाही.

आम्ही रोज येत-जात नाही! बहुतेक पोरं वरच राहतात, हॉस्टेलला. सकाळी नऊला आम्ही अंथरुणातून उठून चालत वर्गात जातो. खाली उतरायची गर्दी शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, आणि परत रविवारी रात्री. मधल्या दिवसांत येणारे म्हणजे शिक्षक (बरेचसे गाड्यांनी), ऑफिसातली माणसं, मेसचे आणि सफाईचे कर्मचारी. हे शेवटचे लोक आसपासच्या गावांतून दुचाकीवर किंवा शेअर रिक्षानं येतात. त्यांना चांदणी चौकातून येणाऱ्या रोपवेचा काय उपयोग? ते लवळ्याहून, नांद्याहून येतात.

बर्नबीचं विद्यापीठ शहरातून रोज येणाऱ्या मुलांचं दिसतंय. आमचं राहणाऱ्यांचं.

---

हिशोबनीस

लाख बोललात. एक डोंगर आणि एक विद्यापीठ सारखं दिसलं म्हणून प्रवासी सारखे होत नाहीत.

टेकडीवरच्या विद्यापीठांना रोपवे जिथं चालले तिथं बघा. फ्रान्समध्ये तुलूजला मे २०२२ मध्ये सुरू झाला, तीन किमी, तीनच स्थानकं: कर्करोग केंद्र, टेकडीवरचं रांगेय रुग्णालय आणि पलीकडं विद्यापीठ, जिथं मेट्रो लागते. पेशंट, नातेवाईक, नर्सेस, विद्यार्थी, दिवसभर दोन्ही दिशांनी माणसं. इस्रायलमध्ये हैफाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाला: खाली रेल्वे आणि बसचा मोठा अड्डा, वाटेत टेक्निऑन, माथ्यावर हैफा विद्यापीठ, साडेचार किमीच्या आतबाहेर. एका तारेवर दोन विद्यापीठं ओवलीत.

उलट लंडन. २०१२ मध्ये थेम्स नदीवर मोठ्या थाटात बांधला. दोन्ही टोकांना रोज जायला कुणाचं काही काम नाही, आणि तिकीट वेगळं. आता पर्यटक फोटो काढतात.

---

पौडरोडवाला

लवळे_ते_डेक्कन, आवडलं नाही असं अजिबात नाही, याचसाठी धागा काढला होता. मग लवळे बाजूला ठेवू.

पण मूळ प्रश्न उरतोच. पुण्यात अशी जागा कुठली, जिथं रोज दोन्हीकडून माणसं जातात आणि मध्ये डोंगर आडवा येतो? माझ्या मते एकच: कोथरूड आणि पाषाण. मध्ये वेताळ टेकडी. अलीकडं वनाझ आणि पौड रस्त्यावर मेट्रोची स्थानकं, पलीकडं पाषाण रस्त्यावर एनसीएल ही रासायनिक प्रयोगशाळा, पुढं विद्यापीठ, आणि विद्यापीठ चौकात हिंजवडी मेट्रोचं स्थानक. हवेतून तीन-चार किमी. रस्त्यानं एक तर चांदणी चौकाला वळसा, नाहीतर लॉ कॉलेज रस्ता आणि सेनापती बापट रस्ता, जिथं सहा वाजता गाडी बंद करून पुस्तक वाचता येतं. टेकडीतून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचं भांडण ह्याच दुखण्यातून आलंय ना? मग टेकडी फोडण्यापेक्षा वरून तार नेली तर?

---

टेकडीकर

इतका वेळ गप्प वाचत होतो. आता बोलावं लागतंय.

'फक्त तार' असं काही नसतं. खांब उभा करायला क्रेन न्यायची म्हणजे आधी रस्ता. मग देखभालीसाठी तो रस्ता कायमचा. मग त्या रस्त्याला दिवे. मग 'इतकं केलंच आहे तर माथ्यावर एक स्टेशन करू, लोकांना सूर्यास्त बघता येईल'. स्टेशन आलं की भेळ, भेळ आली की प्लॅस्टिक. पहाटे खाणीच्या पाण्याजवळ मोर दिसतात अजून. २०२३ मध्ये हजारो पुणेकर ही टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरले ते हौस म्हणून नाही.

सिंहगडावर २०२२ च्या मे महिन्यात ई-बस सुरू केल्या होत्या, थोड्याच दिवसांत बंद कराव्या लागल्या. डोंगरावर पहिला प्रयोग करून बघू हा प्रकार डोंगराला परवडत नाही.

---

तारेवरची_कसरत

टेकडीकर, तुमची भीती खरी आहे, फक्त एक दुरुस्ती. क्रेनला रस्ता लागतोच असं नाही. आल्प्समध्ये खांबाचे भाग हेलिकॉप्टरनं नेऊन बसवतात. आणि तीन तारांचा घेतला तर वेताळ टेकडीच्या पठारावर एकही खांब न ठेवता, दोन्ही उतारांच्या पायथ्याशी उंच खांब घेऊन पार जाता येईल *कदाचित*. मोजणी केल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, कारण माथा मध्येच उंच आहे आणि तार मधे झोळते. दरी ओलांडणं सोपं, टेकडी ओलांडणं अवघड. माथ्यावर निदान एक खांब लागेल असं मला तरी वाटतं.

---

टेकडीकर

म्हणजे लागेलच.

---

जुना_पेठकर

पॉपकॉर्न संपले. चहा ठेवतो.

---

बर्नबीकर

इथल्या अनुभवावरून एक सुचवते. ट्रान्सलिंकनं लोकांपुढं जाताना 'रोपवे हवा का' असं विचारलं नाही. तीन मार्ग, प्रत्येकाखाली किती घरं, किती झाडं, किती वेळ, किती खर्च, हे शेजारी शेजारी मांडलं. ज्यांच्या घरावरून जाणार त्यांच्याशी वेगळं बोलले, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ या तिथल्या मूळ लोकांशी वेगळं. तरीही भांडण झालं, पण मुद्द्यावर झालं. तुमच्या वेताळ टेकडीच्या बाबतीत बोगदा, रस्ता, रोपवे आणि 'काहीच नको, आहे त्या रस्त्यावर बसला स्वतंत्र मार्गिका' हे चारही एका कागदावर कुणी मांडलेत का?

---

हिशोबनीस

बसच्या स्वतंत्र मार्गिकेबद्दल पुण्यात बोलू नये, बीआरटीच्या आठवणीनं लोकांना रडू येतं.

पण मुद्दा बरोबर. आणि कागदावर मांडताना दोन टोकांचं जोडणं धरा. कोलंबियात मेदेजीनला २००४ मध्ये पहिली तार झाली ती यशस्वी का? डोंगरावरच्या वस्तीतला माणूस केबिनमधून उतरतो तो थेट मेट्रोच्या फलाटावर, पुन्हा तिकीट काढत नाही. आपल्याकडं केबिनमधून उतरून जिना, जिन्यावरून रस्ता, रस्ता ओलांडून दुसरा जिना, दुसरी रांग, झालं तर वाचलेली दहा मिनिटं तिथंच संपली. वाराणसीत कँट स्टेशन ते गोदौलिया रोपवे होतोय, पावणेचार किमी, देशातला शहरी वाहतुकीचा पहिला. मार्च २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. तो रोजचे प्रवासी ओढतो की फक्त यात्रेकरू, ते दिसू दे. केंद्राच्या पर्वतमाला या रोपवे योजनेतला पैसा मागायचा तर ते आकडे हातात असलेले बरे.

---

पौडरोडवाला

मान्य. मी असं करतो: कोथरूड-पाषाण जाणारे नेमके कुठून कुठं जातात, याची एक साधी प्रश्नावली करतो. निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण, वेळ, वाहन. टेकडीकर, तुमच्या सकाळच्या फिरायच्या गटातही फिरवाल का? उत्तर 'टेकडीला हात लावू नका' असलं तरी लिहा, रकाना ठेवतो.

---

टेकडीकर

फिरवतो. रकाना मोठा ठेवा.

---

लवळे_ते_डेक्कन

आणि रोपवे होईस्तोवर रविवारी रात्री चांदणी चौकातून वर जाणारी एक जादा बस मागायची तर अर्ज कुणाकडं करायचा? खरंच विचारतेय.

---

शेजारीण_काकू

अगं, स्वारगेटला पीएमपीच्या मुख्यालयात लेखी द्यायचा. मुलामुलींच्या सह्या घे, मार्ग आणि नेमकी वेळ लिही, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठव, बघून देते.